नागिणीची अर्धी रजा

सन १९३६ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, तुंगार्लीच्या रस्त्यावरील हवापालट कचेरीचे कारकून नूरमहंमद यांच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली. कचेरी उघडण्यापूर्वीच हे घडल्यामुळे त्याची कुठेही नोंद झाली नाही.

हवापालट कचेरीचे काम मोठे जबाबदारीचे होते. लोणावळ्यास हवा पालटायला येणाऱ्या मंडळींना ती पालटून मिळते की नाही, यावर ती देखरेख ठेवी. नूरमहंमद दिवसातून दोनदा व्हरांड्यातला तापमापक वाचत आणि वहीत ‘हवा थंड आहे’ असे लिहीत. मे महिन्यात ‘हवा तुलनेने थंड आहे’ असे लिहीत. तीन वर्षे त्यांनी हे हंगामी म्हणून केले होते आणि मार्चअखेर ते कायम व्हायचे होते. अट एकच होती. नोकरीत एका दिवसाचाही खंड पडता कामा नये. पडला तर तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारपर्यंत आगीच्या जागी पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. सदरा नुसता टेकला तरी नूरमहंमद अर्धवट उठून उभे राहत. त्यांच्या बायकोने, मेहरुनने, खिडकीपाशी नेऊन नीट पाहिले.

“ही नागीण आहे,” ती म्हणाली. “डॉक्टरांकडं चला.”

पण डॉक्टरांच्या आधी शेजारच्या मुक्ताबाई आल्या. त्यांनी लांबूनच पट्टा न्याहाळला आणि खाली बसल्या. “नूरभाई, लय जपा. तिचं त्वांड आन शेपूट कमरंभवती भेटलं की माणूस ऱ्हात न्हाई.”

“किती वेळ लागतो, मावशी?”

“ते तिच्यावर हाय.”

दुपारी मुक्ताबाईंनी लोहगडवाडीहून नागीण उतरवणाऱ्या रखमाजीला आणवले. त्याने सुताने पट्टा मोजला, मग नूरमहंमदच्या कण्यावर वरपासून खालपर्यंत गेरूची रेघ ओढली आणि नागिणीला बजावले, “हितनं फुडं यायचं न्हाई.” नागीण पुढे आली नाही. मागेही गेली नाही. ठणका होता तिथेच राहिला.

शनिवारी मेहरुनने नवऱ्याला डॉक्टरांपुढे बसवले. डॉक्टरांनी गेरूच्या रेघेकडे पाहून न पाहिल्यासारखे केले.

“हिला तोंड नाही नि शेपूटही नाही,” ते म्हणाले. “ही मज्जातंतूची सूज आहे. एका तंतूच्या वाटेनं येते, म्हणून एकाच अंगाला राहते. कण्यापासून निघते आणि पोटाच्या मध्यावर थांबते. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?”

“झाल्या होत्या.”

“त्याचंच विष पुन्हा उठत असावं, असं आता बरेच डॉक्टर मानतात. फोड फोडू नका. ही पूड लावा, स्वच्छ कापड बांधा, ठणक्यावर गोळ्या देतो. आणि पंधरा दिवस विश्रांती. तीनेक आठवड्यांत आपोआप बरी होईल. ठणका कदाचित जरा रेंगाळेल.”

“आपोआप?” नूरमहंमदनी विचारले. एवढ्या ठणक्याचा शेवट इतका साधा असेल, हे त्यांना पटेना.

“आपोआप,” डॉक्टर म्हणाले.

सोमवारी नूरमहंमदनी रजेचा अर्ज हेडक्लार्क गोपाळकृष्णपंतांपुढे ठेवला. पंत सज्जन होते. नियमाबाहेर त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नव्हता. जो दिला तो नियमात बसवून दिला होता.

“रजेच्या कारणांची छापील यादी आहे,” ते म्हणाले. “ताप, पटकी, देवी, लग्न, मयत, श्वापद. तुमची नागीण श्वापदात येते.”

“पंत, ही रोगाची नागीण आहे.”

“असेल. पण रोगाच्या नागिणीला यादीत जागा नाही, श्वापदाच्या नागिणीला आहे. जिथं जागा आहे तिथंच बसवायला नको का?”

नूरमहंमदनी श्वापदाचा तक्ता भरला. ते खोटे लिहिणारे गृहस्थ नव्हते. श्वापदाची लांबी: एक वीत, वाढ नाही. प्रथम कोठे दिसले: माझ्या अंगावर. सध्या कोठे आहे: तेथेच. काय इलाज केला: पूड लावली.

तिसऱ्या दिवशी वरून विचारणा आली. श्वापद कचेरीच्या नोकराच्या अंगावर उघड वावरत असता ते अद्याप ठेचले का नाही? त्याच दुपारी कचेरीचा पहारेकरी कोंडाजी काठी घेऊन नूरमहंमदच्या दारात उभा राहिला.

“नूरभाई, हुकूम हाय. कुटं हाय ती?”

नूरमहंमदनी सदरा वर केला. कोंडाजीने फोड पाहिले, मग काठी पाहिली.

“हितं कशी मारू?”

“मारू नका, कोंडाजी.”

“मग ‘सापडली न्हाई’ म्हून कळीवतो. तुमचंबी भलं, माजंबी.”

कोंडाजीने भल्यासाठीच तसे कळवले. त्यावर पंतांनी सरळ हिशोब मांडला. नागीण सापडली नाही, म्हणजे नागीण नाही. नागीण नाही, म्हणजे रजेला कारण नाही. नूरमहंमदनी उद्या हजर व्हावे, नाहीतर खंड धरला जाईल.

मेहरुन संतापली आणि स्वतः जाऊन डॉक्टरांचा दाखला घेऊन आली. त्यात स्वच्छ लिहिले होते: ‘विकार खरा आहे. तो केवळ उजव्या अंगास आहे. डाव्या अंगास काहीही झालेले नाही व होणार नाही.’

पंतांनी दाखला दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला. “आता मार्ग निघाला,” ते म्हणाले, आणि खरोखरच हुकूम निघाला. उजव्या अंगास पंधरा दिवसांची रजा मंजूर. डाव्या अंगाने नेहमीप्रमाणे कामावर यावे.

रजेवरच्या माणसाने कचेरीत बसणे नियमाविरुद्ध असल्याने नूरमहंमदची खुर्ची उंबऱ्यावर ठेवण्यात आली. डावे अंग कचेरीत आणि उजवे व्हरांड्यात. तापमापक उजव्या हाताला टांगलेला होता, म्हणजे रजेच्या हद्दीत. तो कोंडाजीने रोज आत आणून त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे धरायचा, असे ठरले. लिहायचेही डाव्या हातानेच होते. पहिल्याच दिवशी ‘हवा थंड आहे’ हे असे काही उमटले की वरून विचारणा झाली, ‘हवा थांबली आहे काय? असल्यास केव्हापासून?’

ठणका उठला की नूरमहंमद उजव्या बाजूला कण्हत. पंत आतून हळूच म्हणत, “कण्हा, कण्हा. तुमची रजाच आहे.”

डॉक्टर म्हणाले होते तसेच झाले. फोड सुकले, खपल्या धरल्या, आणि तिसऱ्या आठवड्याअखेर खपल्या पडून नुसता डाग उरला. मार्चअखेर कायम होण्याचा कागद आला. मेहरुनने तो मोठ्याने वाचून दाखवला. नूरमहंमद यांच्या डाव्या अंगाच्या नोकरीत खंड नसल्याने ते अंग कायम करण्यात येत आहे. उजवे अंग आणखी तीन वर्षे हंगामी राहील.

नूरमहंमदनी आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. मग म्हणाले, “निम्मं तरी झालं.” मेहरुनने कागद घडी करून ठेवून दिला.

पण या सगळ्यापेक्षा मोठा त्रास पुढेच होता. नूरमहंमद नागिणीतून उठले, ही बातमी मावळात पसरली आणि माणसे विचारायला येऊ लागली. नवलाख उंबरे गावाहून एक म्हातारा पायी आला.

“भाऊ, कशानं गेली?”

“आपोआप,” नूरमहंमद खरे ते बोलले. “पूड लावली, विश्रांती घेतली. म्हणजे निम्मी घेतली. डॉक्टरांकडं जा, आबा.”

म्हातारा दुखावला. “सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या,” म्हणून चहा न घेता उठला. दुसराही तसाच गेला. मुक्ताबाईंनी तर बोलणेच टाकले. एवढा गुण आला आणि शेजाऱ्यापासून लपवतो म्हणून. पंधरा दिवस नूरमहंमदनी खरे सांगून पाहिले. सोळाव्या दिवशी ते थकले आणि आलेल्या माणसाला सहज म्हणाले, “करवंदीची मुळी. ताकात उगाळून. पश्चिमेकडं तोंड करून लावायची, मधे बोलायचं नाही.”

माणसाचा चेहरा खुलला. त्याने नूरमहंमदचे पाय धरले. आठवड्याभरात दारापुढे रांग लागली. आसपासच्या डोंगरांवरच्या करवंदी उपटल्या गेल्या. पंतांच्या मेहुण्याला नागीण झाली तेव्हा पंत स्वतः रांगेत उभे राहिले, आणि डॉक्टर मात्र दवाखान्यात माश्या मारत बसले.

करवंदीच्या मुळीने नागीण जात नाही. ती थाप होती, आणि नूरमहंमदनी ती कंटाळून मारली, हे वर सरळ लिहिले आहे. तरीही मुळी ओली घ्यायची की वाळलेली, हे विचारणारी पत्रे आपण कृपया पाठवू नयेत.