सहाशे बारा नोटिसा आणि एक सासू

“इंटरनेटवर चोरी करावी आणि माझ्या तावडीतून सुटावं, असा माणूस अजून जन्माला यायचाय!” असं वकीलसाहेब बुधवारी सकाळी चहाच्या कपाला उद्देशून म्हणाले. समोर बायकोही होती, पण ती पेपर वाचत होती. वकिलाला श्रोता लागतो. माणूस नसेल तर कप.

“तुझ्या वेबसाइटवरचा फोटो आपल्या लग्नातला आहे,” पेपरमागून आवाज आला. “मला कापून टाकलंस. फोटोग्राफरला विचारलं होतंस?”

“तो फोटो पूर्णपणे माझा आहे.”

“तुझ्या खांद्यावर माझी चार बोटं अजून दिसतात.”

वकीलसाहेबांनी या मुद्द्यावर आपलं म्हणणं राखून ठेवलं आणि ते ऑफिसला गेले.

त्यांची वकिली डिजिटल कॉपीराइटची. कुणाचं गाणं कुणी उचललं, कुणाचा फोटो कुणी ढापला, हे शोधायचं आणि नोटीस धाडायची. सध्या त्यांचे सर्वांत मोठे अशील म्हणजे पंखेवाले. या गृहस्थांनी एकदा आपल्या टेबलफॅनसमोर माइक ठेवला, दहा तास रेकॉर्डिंग केलं आणि इंटरनेटवर टाकून दिलं. शब्द नाही, सूर नाही, नुसतं घर्रर्र! लाखो लोक रोज ते लावून झोपतात. पंखेवाल्यांना स्वतःला मात्र अकरा वर्षं धड झोप नाही. ते रात्रभर जागून, आपला पंखा कोण चोरतंय ते शोधतात.

त्यांच्यासाठी वकीलसाहेबांनी एक नवी यंत्रणा घेतली होती. ती सगळं इंटरनेट ऐकायची, पंख्याशी जुळणारे आवाज काढायची आणि नोटिसा तयार ठेवायची. वकिलाने प्रत्येक व्हिडिओ ऐकून ‘मी ही नोंद स्वतः तपासली आहे’ या चौकटीत खूण करायची, एवढंच काम. बुधवारी यंत्रणेने सहाशे बारा चोर पकडून आणले. वकीलसाहेबांनी पहिले तीन ऐकले. घर्रर्र, घर्रर्र आणि घर्रर्र. चौथ्यापाशी त्यांना वर ‘सर्व निवडा’ असं बटण दिसलं.

ते त्यांनी दाबलं. आता ते तिथे होतं, तर त्यात वकिलाचा काय दोष!

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. सासूबाई शिवण शिकवतात. आधी घरी शिकवायच्या, सासरे गेल्यापासून इंटरनेटवर. चारशे व्हिडिओ झाले होते. एकटीच्या घरात रोज सकाळी त्या मशीनसमोर बसून, “हं, बायांनो, टाचण्या घेतल्या का?” असं मोबाइलला विचारत आणि मग दिवसभर येणारी उत्तरं वाचत. त्यांचा सगळा गोतावळा तिथे होता.

“जावईबापू, माझं चॅनेल बंद करतायत हो!” सासूबाईंचा आवाज कापत होता. “‘कॉलर बसवणे’ भाग एक, दोन, तीन. तिन्ही म्हणे चोरीचे. तीन तक्रारी झाल्या, आता शुक्रवारी पाच वाजता चारशेच्या चारशे पुसून टाकणार. मी कुणाची कॉलर चोरली हो?”

वकीलसाहेब ताडकन उभे राहिले. “आई, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. कुणी केलीय तक्रार?”

“नाव नाही दिलेलं. नुसता नंबर आहे. खाली ‘अधिकृत प्रतिनिधी’ असं काहीतरी लिहिलंय.”

“म्हणजे कुणीतरी टुकार वकील! न ऐकता, न बघता नोटिसा उधळणारे असतात हो असले. त्याला मी कोर्टाच्या पायऱ्या मोजायला लावतो की नाही बघा!”

“जास्त बोलू नका हं त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “त्यालाही घरदार असेल.”

पण वकीलसाहेबांच्या अंगात आलं होतं. सासूबाईंच्या खात्यातून त्यांनी त्या प्रतिनिधीला चार पानी उत्तर लिहिलं. ‘आपली नोटीस निव्वळ बेजबाबदारपणाचा नमुना आहे’ इथून सुरुवात होती. तिसऱ्या पानावर ‘आपण कायद्याचं शिक्षण नेमकं कुठे घेतलंत, याची आम्हांला मनापासून चिंता वाटते’ असं होतं. चौथं पान पत्रात सहसा न वापरण्याच्या विशेषणांसाठी राखून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या मेलमध्ये एक पत्र येऊन पडलं होतं. वकीलसाहेबांनी ते उघडलं आणि त्यांच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या.

“कोण हा उद्धट इसम! माझं शिक्षण काढतो?”

त्यांनी तिथल्या तिथे उत्तर लिहायला घेतलं. दोन परिच्छेद झाले. मग वाटलं, माणूस उद्धट आहे, पण भाषा काय झकास आहे! कुठेतरी वाचल्यासारखी. शेवटी सासूबाईंचं नाव बघून त्यांनी हळूच खुर्ची मागे सरकवली, जणू पत्र चावेल.

सहाशे बारांपैकी दोनशे चार, दोनशे पाच आणि दोनशे सहा. ‘कॉलर बसवणे’, भाग एक, दोन, तीन. तपासणारे: वकीलसाहेब स्वतः. सासूबाईंच्या डोक्यावर पंखा फिरत होता, आणि यंत्रणेच्या मते तो पंखेवाल्यांच्या मालकीचा होता.

त्यांनी बायकोला फोन लावला.

“एक गंमत झालीय,” ते म्हणाले.

“कुणाची?” बायकोने विचारलं. ती त्यांना चांगलीच ओळखून होती.

सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, “म्हणजे तू आईला नोटीस पाठवलीस, मग आईच्या वतीने तुला शिव्या घातल्यास, आणि आता तुला राग आलाय.”

“कायद्याच्या भाषेत थोडं वेगळं...”

“उद्या पाचच्या आत ते चॅनेल वाचव. नाहीतर घरी येताना आपला चहा आपण घेऊन ये. कायमचा.”

तक्रार मागे घेणं सोपं असेल असं वाटलं होतं. पण नियम असा निघाला की तक्रार करायला वकील चालतो, मागे घ्यायला मात्र खुद्द मालक लागतो. मालकाच्या मोबाइलवर पडताळणीचा आकडा येणार, तो मालकानेच भरायचा. वकीलसाहेबांनी पंखेवाल्यांना बोलावलं आणि मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं.

“त्या बाई माझ्या सासूबाई आहेत. दोन्हीकडून मीच उभा राहणं बरोबर नाही. तुम्ही दुसरा वकील करू शकता.”

पंखेवाल्यांचे तांबारलेले डोळे भरून आले. “साहेब, सासूला नोटीस पाठवणारा वकील मला दुसरा कुठे मिळणार!”

“अहो, पण ती चुकून गेलीय! तुमचा हक्क तुमच्या रेकॉर्डिंगपुरता. दुसऱ्याने स्वतःचा पंखा लावून स्वतः रेकॉर्ड केलं तर ती चोरी नाही.”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही तोंडाने पंखा करून दाखवत होतात.”

पंखेवाले विचारात पडले. “पण त्यांनी मागे माझंच रेकॉर्डिंग लावलं नसेल कशावरून? मी माझ्या कानांनी ऐकणार. पंखा त्यांचा निघाला, तर मागे घेतो.”

शुक्रवारी दुपारी चार वाजता दोघं सासूबाईंच्या दारात उभे होते. बायको आधीच येऊन बसली होती. साक्षीदार म्हणून की फाशीची व्यवस्था बघायला, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“हे पंख्याच्या आवाजातले तज्ज्ञ,” वकीलसाहेबांनी सावधपणे ओळख करून दिली.

“आणि हे माझे वकील!” पंखेवाले अभिमानाने म्हणाले. “तुमच्या तिन्ही नोटिसा यांनीच पाठवल्या. एका बैठकीत सहाशे बारा!”

सासूबाईंनी गळ्यातली मापाची टेप काढली. वकीलसाहेब नकळत एक पाऊल मागे गेले.

“म्हणजे तो टुकार वकील...”

“आई, मी खुलासा करतो.”

“नको. तुम्ही त्याला जे बोललात ते मी वाचलंय. चारही पानं.” त्यांनी टेपची शांतपणे गुंडाळी केली. “मला त्यात भर घालण्यासारखं काही दिसत नाही.”

मग त्यांनी पंखा लावला. व्हिडिओतल्यासारखंच ऐकू यावं म्हणून मशीनवर बसल्या, आणि एकदा बसल्यावर शिकवल्याशिवाय त्यांना राहवेना. “हं, तर बायांनो, कॉलरला अस्तर लावताना घाई नाही करायची. आधी कच्चा टाका. हळूहळू. असं...” मशीन खट खट खट चाललं. वर पंखा घर्रर्र, टिक, घर्रर्र, टिक.

पंखेवाले सोफ्यावर डोळे मिटून ऐकत होते. “टिक,” ते म्हणाले. “माझ्या पंख्याला टिक नाही. हा पंखा यांचाच. मी तक्रार... मागे...”

आणि ते घोरू लागले.

अकरा वर्षांची झोप! ती काय थेंबाथेंबाने येते? धरण फुटल्यासारखी आली. घड्याळात चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

“उठा!” वकीलसाहेबांनी त्यांना हलवलं. “अहो, आकडा! आकडा भरायचाय!”

“आकडा नाही, हूक म्हणतात त्याला,” सासूबाई मशीनवरून म्हणाल्या. त्यांना अजून कुणी थांबवलं नव्हतं.

वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. पाणी शिंपडलं. कानाशी वाकून “चोर! चोर!” ओरडले. पंखेवाल्यांनी झोपेतच उशी ओढून घेतली. वकीलसाहेबांनी आपल्या फोनवरून माघारीचा अर्ज धाडला, तसा पंखेवाल्यांच्या खिशात फोन वाजला. आकडा आला होता, पण फोन उघडायला त्यांचा अंगठा हवा होता. वकीलसाहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं. बायकोने वकीलसाहेबांकडे पाहिलं.

“झोपलेल्या माणसाचा अंगठा?” ती म्हणाली. “तुझ्यावर सहाशे तेरावी कुणी पाठवायची?”

चार पंचावन्न. वकीलसाहेब मटकन खाली बसले. “आई, मला माफ करा. मी ऐकायला हवं होतं. प्रत्येक व्हिडिओ ऐकायला हवा होता. माझ्यामुळे तुमचं सगळं...”

सासूबाईंनी मशीन थांबवलं. जावई असा जमिनीवर बसलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पंखा बंद केला.

घर्रर्र... टिक... घर्र... शांतता.

“कुणी बंद केला!” पंखेवाले किंचाळत उभे राहिले.

“अंगठा!” तिघं एकदम ओरडले.

चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आकडा भरला गेला. तिन्ही तक्रारी मागे. चारशे व्हिडिओ शाबूत. मग वकीलसाहेबांनी आपणहून तिथेच बसून उरलेल्या सहाशे नऊ नोंदी ऐकायला घेतल्या. तीन दिवस लागले. खरे चोर अकरा निघाले, बाकीच्या सगळ्या नोटिसा मागे घेतल्या. त्या बाकीच्यांतल्या एकाच्या व्हिडिओत तर पंखा नव्हताच, मांजर होतं.

पंखेवाल्यांनी आपल्या सगळ्या श्रोत्यांना एका ओळीत कळवलं: ‘झोपेसाठी माझ्यापेक्षा या बाई सरस आहेत.’

महिनाभराने सासूबाईंचा फोन आला. आवाज आनंदाने नुसता फुलला होता.

“जावईबापू, काय सांगू! लोक माझे व्हिडिओ आठ-आठ तास बघतायत! ‘कॉलर बसवणे’ संपलं की परत पहिल्यापासून लावतात. एवढी शिवणाची गोडी मी जन्मात पाहिली नाही! का हो, एवढं काय आवडत असेल?”

वकीलसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश, एकदाच हलवली.

“आई,” वकीलसाहेब म्हणाले, “तुमची शिकवण्याची पद्धतच तशी आहे.”

आणि पुढचा प्रश्न यायच्या आत त्यांनी सबंध कारकिर्दीत पहिल्यांदाच गप्प बसण्याचा हक्क बजावला.