देवाला बसायला जागा

जळगावहून धुळ्याला लेकीकडे जाताना लीलाअक्का एसटीत देवाचं अर्धं तिकीट मागतात. स्वतः चौऱ्याऐंशी वर्षांच्या, त्यांचा प्रवास फुकट. पण शेजारच्या सीटवर रुमाल अंथरून सिंधी लोकांच्या देवाची, झूलेलालची, वीतभर पितळी मूर्ती बसवतात आणि कंडक्टरला सांगतात, हे लहान आहेत, अर्धं फाडा. एका नव्या कंडक्टरने मूर्ती मांडीवर घ्यायचा सल्ला दिला. अक्का एरंडोलपर्यंत त्याच्याशी बोलत होत्या. पारोळ्याला त्याने तिकीट फाडलं.

आमच्या कॉलनीत त्यांची-आमची भिंतीला भिंत. पाच वर्षांच्या असताना त्या सिंधमधून निर्वासित म्हणून आल्या आणि इथली बोली शिकल्या ती भाजीबाजारातल्या बायकांकडून, त्यामुळे तोंडी अस्सल अहिराणी. दर रविवारी ओट्यावर पोरांना जमवून त्यांच्याकडून गोष्टीची पुस्तकं वाचून घेतात. निर्वासित मुलांची गोष्ट निघाली की मात्र त्यांच्यातला परीक्षक जागा होतो. अशा गोष्टीत देव असतोच आणि तो ऐन वेळी धावून येतो. होडी बुडत नाही, हरवलेली आई सापडते. अक्का चष्मा काढून विचारतात, आणि ज्यांची होडी बुडाली त्यांचा देव कुठे गेला होता? एकदा एका मुलीने सांगितलं, तो पण त्यांच्याच होडीत होता. अक्कांनी तिला दोन वाट्या गोड भात दिला आणि आठवडाभर गल्लीत तिची तारीफ केली.

मी मुलांसाठी लिहितो. माझं प्रत्येक बाड आधी अक्कांकडे जातं. आपल्याला साहित्यातलं काही कळत नाही, असं त्या आधी सांगून टाकतात आणि मग शिसपेन्सिलीने एकेक चमत्कार खोडतात. वर एकच बोलणं.

"देवले काम नको देऊ, भाऊ. देवले बसाले जागा दे."

सुरुवातीला मला राग यायचा. पण खरं सांगतो, खोडलेली गोष्टच बरी निघायची.

गेल्या उन्हाळ्यात मी फाळणीतल्या एका मुलीची गोष्ट लिहिली. घर सोडताना आई घरचा देव तिच्या हातात देते, गर्दीत तो हरवतो आणि शेवटी नव्या घराच्या उंबऱ्यावर सापडतो. प्रकाशक या शेवटावर खूश होता. छपाईला देण्याआधी अक्कांना वाचून दाखवली. त्यांनी पेन्सिल हातात घेतलीच नाही.

"हाऊ शेवट काढी टाक," त्या म्हणाल्या. "ज्यास्ना देव सापडना नही, त्या पोरं वाट देखत बठतस."

मग हळूहळू सगळं सांगितलं. घर सोडताना आईने देव त्यांच्याच हातात दिला होता. स्टेशनवर धाकटा भाऊ रडायला लागला, त्याला उचलायला त्यांनी देव बाकावर ठेवला. गाडी सुटल्यावर आठवलं. आई काही बोलली नाही, रागावलीसुद्धा नाही. पुढे छावणीत तो भाऊ तापाने गेला, आणि पाच वर्षांच्या मुलीने दोन्ही गोष्टींचा संबंध आपल्या आपणच जोडला. आई जाईपर्यंत मायलेकींत त्या बाकाचा विषय कधी निघाला नाही.

मला फार वाईट वाटलं. वीस वर्षं मी यांच्या करामती चारचौघांत रंगवून सांगत होतो आणि भिंतीपलीकडे हे होतं.

दुसऱ्या दिवशी शेवट बदलला. प्रकाशक कुरकुरला, मी ऐकलं नाही. आता गोष्टीत एक धाकटा भाऊ आला. देव काही सापडत नाही. छावणीत मुलगी रडत आईला सगळं सांगते आणि आई तिला पोटाशी धरून म्हणते, तू देव टाकला नाहीस बाळा, तू भावाला उचललंस.

ओट्यावर बसून अक्कांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ पदराची किनार सारखी करत राहिल्या.

"माय जे बोलनी, ते परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं. मग त्यांनी न सांगताच मी आणखी एकदा वाचलं.