चांदी आली का इकडं?

लिंबाजीतात्या चपलासुद्धा बांधून ठेवत. सोनपेठच्या एका लग्नात त्यांनी आपल्या चपला मांडवाच्या खांबाला दाव्यानं बांधल्या आणि गडबडीत नवरदेवाच्या बापाच्याही त्यात आवळल्या. जेवणं उरकली तरी गाठ कुणाला सुटेना. ओढाताणीत खांब उपटला आणि अर्धा मांडव आचाऱ्याच्या अंगावर बसला. तात्या शांतपणे म्हणाले, "बसू द्या. चपला गेल्या का? न्हाई ना?"

तात्या आमचे बांधाशेजारी. बायको वारलेली, लेक पालमला दिलेली. घरात ते आणि चांदी नावाची गाय. "मोकळं सोडलं की गेलंच बग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाजारात सायकल बांधायला ते घरून खुंटा घेऊन जात. एकदा गंगाखेडला जाताना त्यांनी एस.टी.च्या टपावर गाठोडं असं बांधलं की गंगाखेड आलं तरी सुटेना. कंडक्टरनं घंटी मारली. गाठोड्यापायी तात्या थेट पालमला गेले. परत आल्यावर म्हणाले, "गेलोच होतो, तर लेकीला बगून आलो."

आता अशा माणसाची गाय रोज सुटावी? पण सुटायची. दिवस कलला की चांदी आमच्या ज्वारीत हजर, आणि मागून तात्या आमच्या दारात.

"चांदी आली का इकडं? लय वढाळ हाय बग."

चांदी समोर कणसं खात उभी असायची. तिला हाकलायचं काम माझं. तात्या ओसरीवर टेकायचे, माझी बायको कौसा चहा टाकायची आणि त्यांच्या गप्पा दिवे लागेपर्यंत चालायच्या. मी मात्र चिखल तुडवत, शिव्या हासडत गाईमागं.

मी फारच बडबड केली तेव्हा तात्यांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं. पळताना हा ओंडका गुडघ्यावर आपटतो आणि शहाणी गाय थांबते. चांदी लोढण्यासकट आली. मग तात्यांनी दाव्याचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि लिंबाखाली झोपले. त्या दिवशी आमच्या ज्वारीतून आधी गाय आली, मग दावं आलं, मग पाठीवर घसरत तात्या आले. अंगणात पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "चांदी आली का इकडं?" कमरेची गाठ मला विळ्यानं कापावी लागली. तोवर कौसानं चहा टाकला होता.

ही वार्ता गावभर झाली आणि सरपंचांनी तात्यांना बजावलं, "आता एकदा जरी सुटली, तर गाय बाजारात."

त्यानंतर चांदी आलीच नाही. माझी ज्वारी वाचली, मी खूश. कौसा मात्र रोज एक कप जास्त चहा करायची आणि तो गार व्हायचा. एक दिवस ती म्हणाली, "आवो, ज्याची गाठ सोडायला इळा लागतो, त्याची गाय रोज कशी सुटत असंल?"

मी ज्वारी सोडून दुसरा विचारच केला नव्हता. उठून बांधापलीकडं गेलो. चांदीच्या दाव्याला गाठीवर गाठ मारलेली, आणि शेजारी तात्या गुडघे पोटाशी घेऊन बसलेले.

"पक्की बांधली," ते म्हणाले. "आता ती बी कुठं जात न्हाई अन् मी बी. दिस लय लांबडा झालाय बग."

मी म्हणालो, "तात्या, कौसा विचारायलीय, चांदीला हुडकायला का येईनात?"

"बांधल्याल्या गायीला काय हुडकायचं?"

"तुमी या तर खरं."

दुसऱ्या दिवशी दिवस कलायला तात्या आले. डोक्याला धुतलेला पटका, हातात रिकामं दावं. बांधापलीकडं खुंट्याला बांधलेली चांदी आम्हा तिघांनाही स्वच्छ दिसत होती.

"चांदी आली का इकडं?"

"न्हाई बा," कौसा म्हणाली. "ईल की. तवर बसा."

तात्या ओसरीवर टेकले. पलीकडून चांदी हंबरली. आम्ही कुणीच तिकडं पाहिलं नाही.