वानखडे सरांचा कुलूप-अभ्यास

आमच्या राजापेठेतल्या इमारतीत जिन्याच्या जाळीतून दोन्ही हात पलीकडे घालून, डोळे मिटून बसलेला माणूस दिसला, तर ओरडू नये. ते वानखडे सर. निवृत्त गणित शिक्षक. जाळीपलीकडे लटकवलेलं कुलूप ते चावीशिवाय उघडत असतात. म्हणजे, उघडत नसतात. प्रयत्न करत असतात.

"काय चाललंय, सर?"

"अभ्यास चालू हाय, वैनी. घाई नाई करत आपुन."

या अभ्यासामागे कारण होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. अकोल्याला जठारपेठेत त्यांची थोरली बहीण, माई, एकटी राहते. दुपारी ती चॅनल गेटला आतून कुलूप लावते, कूलर सुरू करते आणि झोपते. चावी रोज नव्या जागी ठेवते, चोराला कळू नये म्हणून. चोराला कळत नाहीच; उठल्यावर माईलाही कळत नाही. दोनदा शेजाऱ्यांनी हातोड्याने कुलूप तोडून तिला बाहेर काढलं. तिचा मुलगा विनय पुण्यात असतो. त्याने बजावलं होतं, पुन्हा कुलूप तोडावं लागलं की माईचं बिऱ्हाड पुण्याला, अकराव्या मजल्यावर. माईला पुणं नको होतं. सरांना माई पुण्यात नको होती.

मी साधा उपाय सुचवला. एक जादा चावी तुमच्याजवळ ठेवा.

"ठेवली होती ना! माईले समजलं, तिनं कुलूपच बदलवलं. म्हणे, माह्या घराची चावी दुसऱ्याजवळ कायले?"

मग उरल्या चावीशिवाय कुलूप उघडायच्या बारीक सळया. मी इंटरनेटवर पाहून सरांना चार ओळींची यादी करून दिली. एक बाकदार सळई, एक ताण द्यायची पट्टी, सरावाला जुनं कुलूप. शेवटची ओळ ठळक होती: वापरातल्या कुलपावर हात चालवू नये. नवशिक्याला याहून जास्त काही लागत नाही.

सरांनी या चार ओळींवर अख्खा हिवाळा घालवला. फुलस्केप कागदावर रकाने आखले: पोलाद, जाडी, मुठीची पकड, परतीची अट. मोबाईलवर बत्तीस नगांचा 'व्यावसायिक' संच दिसला की खाली येऊन मला दाखवत.

"याच्यात करवतीवानी बी हाय, वैनी. अन् चामड्याचं पाकीट फ्री."

"कुलपं किती उघडायची आहेत?"

"एक."

"मग?"

"पण पाकीट पाह्यलं काय तुमी?"

मधे ते कोपऱ्यावरच्या रशीदभाई चावीवाल्याकडेही जाऊन आले. रशीदभाईंनी त्यांना दुकानातलं सगळ्यात जाड कुलूप दाखवलं. "हे घेऊन घ्या ना, सर. हत्ती आला तरी नाई तुटत."

"मले तोडायचंच नाई ना, भाऊ. उघडायचं हाय."

"मंग चावी लावा की!"

दोघांनीही एकमेकांची कीव केली.

शेवटी बत्तीस नगांचाच संच आला. सोसायटीचे सेक्रेटरी गावंडे यांनी तातडीची सभा बोलावली. गावंडेंनी इमारतीत सुरक्षेसाठी कॅमेरे लावलेत. त्यातले बहुतेक त्यांच्याच स्कूटरकडे पाहतात. "सभ्य माणसाईच्या इमारतीत हे हत्यारं कायले?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच संध्याकाळी गावंडे रुमालाखाली ब्रीफकेस लपवून सरांच्या दारात उभे. "सर, नंबर ध्यानात नाई राह्यला. जमते काय पाहा ना. सभेत नका सांगू."

सळईने आकड्यांचं कुलूप उघडत नाही हे त्यांना समजावताना सरांना शिकवणीचं जुनं सुख मिळालं असावं. त्या उत्साहातच त्यांनी मीटरच्या खोलीच्या कुलपात सळई घातली. ती आतच मोडली. कुलूप फोडावं लागलं, गावंडेंनीच फोडलं, तेही चार लोक पाहतील अशा बेताने.

"यादीत स्पष्ट लिहिलं होतं, सर."

"शेवटच्या ओळीवर यायचा होतो अजून," सर म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दोनच सळया ठेवल्या. बाकीच्या मला दिल्या. एकीने मी कुकरची शिट्टी साफ करते, उत्तम चालते.

मे महिन्यात मला अकोल्याला काम होतं. सरही माईकडे निघाले होते, म्हणून एकाच बसने गेलो, आणि उन्हाचं घटकाभर टेकायला मीही जठारपेठेत उतरले. गेटसमोर विनय उभा. पुण्याहून न सांगता आलेला. शेजारी एक गृहस्थ, हातात हातोडा. आतून माईचा आवाज, "थांब रे, सापडून राह्यली!" आणि डबे आपटल्याचे आवाज.

"मामा, आता पुरे," विनय म्हणाला. "तोडतो, आणि आजच तिला घेऊन जातो."

"जाय ना, पण आम्ही उन्हातून आलो. पयले थंडा उसाचा रस आण. यायले बी घेऊन जाय संग." सरांनी हातोडेवाल्याकडे बोट दाखवलं. मामाचा शब्द विनयने कसाबसा पाळला.

ते कोपऱ्यावरून वळले तसे सर पायरीवर बसले. तापलेल्या जाळीतून दोन्ही हात आत घातले, डोळे मिटले. मी रस्त्याकडे लक्ष ठेवलं. बराच वेळ काहीच नाही. मग खट्.

उघडलं! मी गेट ओढायला पुढे झाले. सरांनी मान हलवली. कुलपाची कडी हळूच दाबून त्यांनी ते पुन्हा बंद केलं.

"अहो, काहून?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघालं.

"तिले सापडू द्या," ते कुजबुजले. "नाईच सापडली तं मी हावोच." मग आत तोंड करून मोठ्याने, "माई, निवांत पाह्य वं! आमी सावलीत बसलो हावो!"

सावली कुठेच नव्हती.

चावी तुरीच्या डाळीत निघाली. विनय रस घेऊन परतला तेव्हा माई कुलूप स्वतः उघडत होती, पदर खोचून, हाताला डाळीचा भुगा.

"कायचा हातोडा घेऊन फिरून राह्यले रे?" तिने दोघांना विचारलं. विनयने हातोडेवाल्याकडे पाहिलं. हातोडेवाल्याने हातोडा पाठीमागे नेला. पुण्याचा विषय त्या दुपारी कोणी काढला नाही.

आत कूलरसमोर बसल्यावर माईचं लक्ष सरांच्या हातांकडे गेलं. दोन्ही दंडांवर तापल्या लोखंडाचे लाल वळ उठले होते.

"हे काय झालं, बाबू?"

"बसमधी खिडकीचा गज लागला," सर म्हणाले.

"एवढा मोठा मास्तर झाला, नीट बसता येत नाई तुले," माई म्हणाली, आणि खोबरेल तेलाची बाटली शोधायला उठली.