फोनवर साखर नसते

कुरुंद्यातल्या सोपानरावांच्या किराणा दुकानात सगळं मिळतं. फक्त फोनवर विचारायचं नाही. फोनवर विचारलं की समोर साखरेचं पोतं उघडं असलं तरी सोपानराव शांतपणे "न्हाई" म्हणतात आणि फोन ठेवून देतात. मग बाकड्यावर बसलेल्या आमच्याकडं वळतात, "हं, काय सांगून राहिले होते तुमी?"

दुकानात आलेल्याला मात्र "बसा तर खरं" असा हुकूम. एकदा माझ्या बायकोनं तेल तापत ठेवून मला जिरं आणायला पिटाळलं. सोपानरावांनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग हळद शिजवायला माणसं मिळाली का ते विचारलं, मग सावकाश पुडी बांधली. घरी कढई जळाली आणि बोलणी मी खाल्ली.

त्यांचा मुलगा पुण्यात असतो. दिवाळीत येऊन तो दुकानाच्या पाटीवर मोबाइल नंबर आणि 'घरपोच सेवा' असं रंगवून गेला. जाताना बापाला बजावून गेला की, गिऱ्हाईक वाढलं तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात दुकान बंद आणि अण्णा पुण्याला.

आमचं धाबं दणाणलं. दुकान बंद झालं तर आम्ही रिकामटेकड्यांनी बसायचं कुठं? तांड्यावरचे राठोड आणि मी, दोघांनी मिळून अक्कल पाजळली. ओळखीच्या घरोघरी सांगत सुटलो की, सोपानरावांना फोन करा, भरपूर माल मागवा. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, तरी हा बाबा फोनवर कुणालाच माल देत नाही, एवढं माझ्या टाळक्यात आलं नाही.

चार दिवस फोन खणखणत राहिला. आपला संशय यायला नको म्हणून आम्ही दोघं दुकानाकडं फिरकलोसुद्धा नाही. धन्य आमची! पाचव्या दिवशी राठोड धापा टाकत आले. सोपानरावांनी मुलाला कळवलं होतं, न्यायला ये म्हणून.

आम्ही तसेच निघालो. राठोड बाहेरच घुटमळले, मी आत गेलो. सोपानराव फळीवरचे डबे खोक्यात भरत होते. मी सगळा कट कबूल केला. वाटलं, शिव्या घालतील. ते डबे भरतच राहिले.

"चार दिस फोनच वाजून राहिला, मास्तर. तुमी बी आले न्हाई. म्हटलं, लोकायला आता माल पायजे, मी न्हाई."

"अहो, पण फोनवर हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"घरवाली गेल्यापासून घरात मला हाक मारनारं कोनी न्हाई. हितं दिवसभर कोनी ना कोनी येऊन सोपानराव म्हनतं. माल घरी पोचला तर हितं काहून येईल कोनी?"

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं तिथं बसून गप्पा झोडल्या, पण घरी गेल्यावर हा माणूस कुणाशी बोलत असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"सोपानराव," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. सहज."

बाहेरून राठोडांनीही हाक मारली, "ओ सोपानराव!"

सोपानरावांनी डोळ्यांवरून बाही फिरवली, आणि खोक्यातला एक डबा काढून परत फळीवर ठेवला.