पँट सैल करून मिळणार नाही

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात नानांचं शिलाईचं दुकान आहे. बाहेर नावाची पाटी नाही, ती कधीच गंजून पडली. आत आरशाच्या वर मात्र खडूनं लिहिलेलं आहे, 'पँट सैल करून मिळणार नाही. घट्ट करून फुकट मिळेल.'

आता मला सांगा, असा कुठे धंदा असतो का? चाळिशी उलटलेल्या माणसाचं शिंप्याकडे दुसरं काम तरी काय असतं? पण नानांपुढे हे बोलायची सोय नाही. "कापड कमी पडत नसतं, भाऊसाहेब. माणूस जास्त होतो," एवढं म्हणायचं आणि सुईत दोरा ओवायला घ्यायचा. मी काही कुठला भाऊसाहेब नाही, एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. पण नानांच्या दुकानाची पायरी चढला की माणूस भाऊसाहेब होतो.

नाना असतील सदुसष्ट-अडुसष्टचे. मूळचे नांदगावकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, दुकानाच्या माळ्यावर एकटेच राहतात. हातापायांच्या काड्या, अंगात ढगळ सदरा, खाली नाडीचा लेंगा आणि गळ्यात टेप.

त्यांच्याकडे माप द्यायला जायचं म्हणजे परीक्षेला बसण्यासारखं आहे. आधी एका बुटक्या स्टुलावर बसवतात आणि हात न टेकता उठायला सांगतात. तेही तीनदा. रामकुंडाजवळचे एक गुरुजी सदऱ्याचं माप द्यायला आले होते, ते दुसऱ्यांदा बसले ते बसलेच. शेवटी नानांनी आणि मी त्यांना दोन्ही बगलांत धरून उठवलं. सदऱ्याचा आणि उठण्याचा काय संबंध, असं गुरुजींनी चिडून विचारलं. नाना शांतपणे म्हणाले की सदरा मी शिवीन, पण घालून हिंडायचं तुम्हालाच हाय.

मग माप. टेप कमरेला आली की प्रत्येक पुरुष पोट आत घेतो. मीही घेतो, तुम्हीही घेता, उगाच साळसूदपणा नको. नाना त्यावर काही बोलत नाहीत. टेप तशीच धरून गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी सुरू करतात. एक पुढारी जाकिटाचं माप द्यायला आले होते. त्यांना नानांनी धरणात पाणी किती, कांद्याला भाव काय, असं विचारत ठेवलं. पुढाऱ्यांचा श्वास संपला, पोट बाहेर आलं आणि नानांनी आकडा वहीत टिपला. "श्वास सोडत चला. मी शिंपी हाय, फोटोग्राफर नाय."

कंबर झाली की मांडी आणि दंड. शर्ट शिवायचा असला तरी मांडी मोजतात. या नादाचं आम्हाला हसू यायचं. माझ्यावर वेळ आली तेव्हा ते हसू जिरलं.

झालं असं की नांदगावला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं आणि माझी ठेवणीतली पँट कमरेला दोन बोटं कमी पडायला लागली. मी निर्लज्जासारखा नानांकडे गेलो. त्यांनी जुनी वही काढली, माप घेतलं आणि वही माझ्यासमोर धरली. दहा वर्षांत कंबर चार इंच वर, मांडी दीड इंच खाली. मी ठणकावून सांगितलं की माझं वजन दहा वर्षांत एक किलोनंही वाढलेलं नाही, वाटलं तर काटा आणा.

"काटा एकूण सांगतो," नाना म्हणाले. "कुठलं गेलं आणि कुठं आलं, ते टेप सांगती. तुमचं मांडीचं मांस गेलं आणि पोटात चरबी आली. बेरीज तेवढीच, म्हणून तुम्ही खूश. खाल्लेली साखर मांडीतलं मांस वापरून टाकतं, भाऊसाहेब. मांसच झिजलं तर ती रक्तात बेवारस हिंडत बसती. पुढं काळजाला त्रास. तपासून या, मग पँटीचं बघू."

मला राग आला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी, आणि हा माणूस मला रक्त तपासायला पाठवतो! मी तडक नाक्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे गेलो. त्यानं दहा मिनिटांत पँट उसवून सैल करून दिली. वर म्हणाला, साहेब, तब्येत छान आहे. लग्नात मी बासुंदीच्या तीन वाट्या चढवल्या.

परतल्यावर चार दिवसांनी भाजीबाजारात नाना समोर आले. माझ्या अंगात तीच पँट. शिवण उसवली की जुन्या जागेची रेघ राहते, बाहेर आलेलं कापड जरा गडद दिसतं. तुमच्या-माझ्या डोळ्यांना कळणार नाही, शिंप्याला कळतं. नानांनी एकदा कमरेकडे पाहिलं आणि मेथीची जुडी न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या घरी आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चहा घेतला नाही. पुडकं सोडून एक राखाडी पँट त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. कमरपट्टीला आतून मापाची चिठ्ठी टाचलेली होती, चौतीस.

"टेप लावा," म्हणाले.

मी लावली. चाळीस भरली.

पँट त्यांच्या धाकट्या भावाची होती. बापू मनमाडला रेल्वेत होता. देखणा गडी, कपड्यांचा शौकीन. त्याची कंबर चौतीस आणि चौतीसच राहणार, अशी त्याची बढाई होती. दर दिवाळीला तो दुकानात यायचा, नाना माप घ्यायचे आणि दरसाल कंबर थोडी वाढलेली असायची. पहिल्या वर्षी त्याचा चेहरा पडेल म्हणून नानांनी चौतीस सांगितलं आणि पँट शिवली पस्तीसची. पँट अंगात छान बसली, बापू खूश. मग दरसाल तेच. पट्टाही नाना स्वतःच आणून द्यायचे, म्हणजे भोकांचा हिशेब त्याला लागायला नको. बापू मित्रांना सांगत फिरायचा की पन्नाशीतही आपली कंबर जागची हललेली नाही.

मग एका सकाळी मनमाडला फलाटावर तो छाती धरून खाली बसला. दवाखान्यात रक्तातली साखर निघाली भलतीच. ती कधीपासूनची, हे कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, यांचं पोट कधीपासून वाढत होतं? बापूची बायको म्हणाली, नाही हो, यांची कंबर तरुणपणापासून चौतीसच आहे.

"मी तिथंच बाकड्यावर बसलेलो," नाना म्हणाले. "कधीपासून वाढली, किती वाढली, साल अन् अर्धा इंच मला पाठ. पण तोंडातून शब्द फुटला नाय." मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "भावाला मी गोड बोलून मारला, भाऊसाहेब."

माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती, तिनं पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी मी रक्त तपासून आलो. साखर उंबरठ्यावर येऊन उभी होती. डॉक्टरांनी नानांचंच सगळं पुन्हा सांगितलं, फक्त पैसे घेऊन.

तेव्हापासून सकाळी चालणं, घरी बुटक्या स्टुलावरून वीस-वीस उठाबशा, रविवारची मिसळ महिन्यावर. सात-आठ महिने लागले, पण पँट कमरेवरून घसरायला लागली. मी ती धरूनच नानांच्या दुकानात शिरलो. त्यांनी कंबर मोजली, मांडी मोजली, मांडी पुन्हा एकदा मोजली आणि मशीनवर बसले. पँट घट्ट करताना गुणगुणत होते. वीस वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

त्या आनंदात मी सहज विचारलं, "नाना, तुमचं माप काय हो?"

ते हसले. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही, म्हणाले. आकडा वाचायला वाकलं की माप बदलतं. बापू दिवाळीला आला की तोच घ्यायचा. तो गेला आणि यांनी नाडीचा लेंगा धरला. नाडीला आकडा नसतो.

मी त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. नको, नको म्हणत उभे राहिले. सदरा वर केला, टेप कमरेला लावली आणि काय सांगू, नानांनी पोट आत घेतलं!

"नाना, धरणात पाणी किती आहे हो यंदा?"

त्यांना हसू फुटलं आणि पोट बाहेर आलं. त्या ढगळ सदऱ्याखाली एवढं पोट असेल, असं कोणाला वाटलं नसतं. मी आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला.

"किती?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

छत्तीस. खरं सांगतो, माझ्या जिभेवर छत्तीस आलं होतं. एकटा म्हातारा माणूस, आज कधी नव्हे तो गुणगुणलेला. कशाला त्याचा चेहरा पाडायचा? दर दिवाळीला नानांचं काय होत असेल, ते मला तेव्हा कळलं.

"चाळीस," मी म्हणालो.

नानांनी सदरा खाली ओढला. मग स्टुलावर बसले, उठायला गेले आणि मशीनला धरून उठले.

"रक्त तपासायला उपाशीपोटी जावं लागतं ना?" त्यांनी विचारलं. "उद्या माझ्यासंगं याल? एकट्याला भ्या वाटतं."

सकाळी सातला मी स्कूटर घेऊन बोळात शिरलो. नाना दाराशी तयार होते. लेंगा नव्हता. अंगात बापूची राखाडी पँट होती.

"कमरेला बरोबर बसली, भाऊसाहेब," म्हणाले, आणि मागे बसून माझा खांदा घट्ट धरला.