नऊ दाबा, मालकांशी बोला!

"फोन उचलण्यात माझा हात धरणारा माणूस या बाजारात अजून जन्माला यायचाय!" असं तात्या छाती फुगवून म्हणाले, आणि तिथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

तात्यांचं फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान. पुढे काचेचं दार, मग काउंटर, आणि काउंटरमागे दारं काढलेले फ्रिज, पोटं उघडी पडलेल्या वॉशिंग मशीन आणि त्यांतून अंग चोरून हिंडणारी चार माणसं. एक स्वतः तात्या. दुसरी सुटे भाग सांभाळणारी त्यांची बायको. तिसरी फोन घेणारी थोरली बहीण, अक्का. आणि चौथा बर्फ्या. बर्फ्या म्हणजे कारागीर. मिशा पार पिकलेल्या, पण अर्धं आयुष्य फ्रीझरमध्ये मुंडकं घालण्यात गेल्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तात्यांनी ही फुशारकी मारली ती एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाईंसमोर. बाई स्वतः दुकानात आल्या होत्या. हॉटेलची कोल्ड रूम, झाडून सगळे फ्रीझर, सगळ्यांची वर्षभराची देखभाल द्यायची होती. तात्यांच्या दुकानाचं नशीब उजळायची वेळ!

"आमचा आधीचा माणूस कामाला सोन्यासारखा होता," बाई म्हणाल्या, "पण मेला फोनच उचलायचा नाही. तुम्ही उचलाल ना?"

तात्या छाती फुगवून थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांना चेव चढला. "अहो, आमच्याकडे नवी फोन सिस्टीम येतेय! तुम्ही फक्त नऊ दाबायचं. थेट मालक!"

बाई प्रसन्न होऊन गेल्या. दार बंद झाल्याबरोबर बायको म्हणाली, "अहो, कुठली सिस्टीम?"

"आणायचीय आता!"

दुसऱ्याच दिवशी विक्रेता हजर. गळ्यात टाय, चेहऱ्यावर हसू, आणि बॅगेतून एकेक यंत्र असं अलगद काढत होता की जणू झोपलेलं तान्हं बाळ उचलतोय.

"आपल्या ऑफिसात माणसं किती, सर?"

'ऑफिस' हा शब्द ऐकूनच तात्या खुर्चीत दोन बोटं वर सरकले. "सध्या चार. पण वाढतील!"

"कुठे वाढतील?" बायको आतून म्हणाली. "पाचव्याला उभं राहायला फ्रिजमध्येच जागा द्यावी लागेल!"

विक्रेत्याने आधी छोटी सिस्टीम दाखवली. फोन आला की सगळीकडे वाजणार आणि जो मोकळा असेल तो उचलणार.

"हीच घे," अक्का म्हणाली. "फोन वाजावा, माणसाने उचलावा. आणखी काय करायचंय त्या फोनला?"

"आणि ही मोठी," विक्रेत्याने आवाज खाली आणला. "हिच्यात विभाग आहेत. मेनू आहे. आणि रांग आहे, सर."

"रांग?" तात्यांचाही आवाज आपोआप खाली आला.

"आपण दुसऱ्या कॉलवर असाल तर गिऱ्हाईक रांगेत थांबतं. बासरी ऐकत."

त्याने बटण दाबलं. स्पीकरमधून एका बाईचा आवाज दुकानभर पसरला. आवाज कसला, कोमट मध! "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे."

तात्या उभे राहिले. खरंच उभे राहिले! अंगावर सर्रकन काटा आला, डोळे पाणावले. एवढ्या वर्षांत या कळकट दुकानात इतकं सुंदर कोणी बोललं नव्हतं.

"अक्का, तू कधी कुणाला असं म्हणालीस?"

"मी 'काय बंद पडलं?' असं विचारते. ज्याचं दूध नासतंय त्याला बासरी कशाला?"

पण तात्या आता कुणाचं ऐकणार! मोठी सिस्टीम बसली. विभाग पाडले. दुरुस्तीसाठी एक दाबा, म्हणजे बर्फ्या. सुट्या भागांसाठी दोन, म्हणजे बायको. इतर चौकशीसाठी तीन, म्हणजे अक्का. आणि मालकांसाठी नऊ! हे नऊ थेट तात्यांच्या खिशातल्या मोबाइलवर वाजणार होतं. "जगात कुठेही असा, सर," विक्रेता जाताना म्हणाला. तात्या जगात फार तर कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत जात, पण ते ऐकून त्यांना एकदम विमानात बसल्यासारखं झालं.

पहिली चाचणी आतल्या आत झाली. तात्यांनी आपल्या टेबलावरून चौकशी विभागाला फोन लावला. चौकशी विभाग हात लांबवला तर वेणी ओढता येईल एवढ्या अंतरावर बसलेला.

"हॅलो, चौकशी विभाग?"

"अरे, मी तुझ्या शेजारी बसलेय!"

तात्यांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे भारावून पाहिलं. "काय स्पष्ट ऐकू येतं गं! अगदी शेजारी बसल्यासारखं!"

अक्काने कपाळाला हात लावला.

"आता बाहेरून बघून येतो. गिऱ्हाइकाला कसं वाटतं ते कळायला नको?" तात्या निघाले. रस्ता ओलांडून समोरच्या छापखान्याच्या पायऱ्यांवर बसले. तिथून काचेच्या दारातून आपलं दुकान दिसत होतं. ऐटीत मोबाइल काढला आणि स्वतःच्याच दुकानाचा नंबर फिरवला.

"नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे."

"हो का!" तात्या लाजले.

बाईने विभाग सांगितले. तात्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि नऊ दाबलं.

"क्षमा करा. मालक सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. आपण रांगेत पहिले आहात."

तात्या थक्क झाले! मी फोनवर आहे हे यंत्राला बरोबर कळलं! कुठे ते पत्र्याचं खोकं, कुठे मी इथे पायरीवर, आणि तरी त्याला पत्ता लागला! मग बासरी सुरू झाली. तात्यांनी मान डोलवायला सुरुवात केली. केवढा मोठा माणूस असेल हा मालक! गिऱ्हाइकं खोळंबलीत आणि हा बोलतोच आहे, बोलतोच आहे...

मध्येच कानात 'टुक टुक' वाजू लागलं. बासरीला ठेका मिळाला असं समजून तात्या गुडघ्यावर ताल धरून बसले. ती मधाळ बाई थोड्या थोड्या वेळाने येऊन क्षमा मागत होती. आयुष्यात कोणी तात्यांची इतक्या वेळा क्षमा मागितली नव्हती. फोन ठेवायचा जीवच होईना!

तेवढ्यात समोर एक गाडी करकचून थांबली. मॅनेजरबाई उतरल्या आणि ताडताड दुकानात शिरल्या. काचेतून मूकपट दिसत होता. बाईंचे हात हवेत. अक्का उभी. बायको उभी. बर्फ्या फ्रिजमधून बाहेर. मग बायको दारात आली आणि तात्यांना बघून दोन्ही हातांनी बोलावू लागली.

तात्यांनी बोट वर केलं. थांब! आपण पहिले आहोत, आता नंबर लागेलच!

बायकोने कमरेवर हात ठेवले आणि भर रस्त्यात ऐकू जाईल असा आवाज काढला. "अहोऽऽ! कुणाशी बोलताय?"

प्रश्न साधा होता. तात्या उत्तर द्यायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं. कुणाशी? मालकांशी. मालक कोण? मी. मग मी कुणाशी बोलतोय म्हणून मी व्यस्त आहे?

बासरी चालूच होती. तात्यांच्या पाठीवरून घामाची धार लागली. फोन कापून ते धावत सुटले, तेवढ्यात हातातला मोबाइल खणाणला. रांगेतला पुढचा माणूस जोडला गेला होता! तात्यांनी धावता धावताच उचलला.

"नमस्कार, मालक बोलतोय!"

"कळतंय!" हा आवाज फोनमधूनही आला आणि समोरून काचेच्या दारातूनही. मॅनेजरबाई मोबाइल कानाला लावून उभ्या होत्या. लाइन तोडली तर रांगेतला नंबर जाईल म्हणून त्या गाडीतसुद्धा बासरी ऐकत आल्या होत्या!

"आमची कोल्ड रूम बंद पडलीय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "संध्याकाळी मोठी पार्टी आहे, आइस्क्रीम पातळ व्हायला लागलंय, आणि मी तुमच्या त्या गोड बाईचं ऐकत बसलेय! तुम्हीच म्हणालात ना, नऊ दाबा?"

तात्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण अक्काने केव्हाच हत्यारांची पेटी बर्फ्याच्या हातात कोंबली होती. "बाई, गाडी वळवा. हा तुमच्याबरोबर येतोय. तू पण जा रे, असा खांबासारखा उभा राहू नकोस!"

कोल्ड रूमच्या दारात आचारी हवालदिल होऊन उभा होता. बर्फ्या वरच्या मोटरच्या खोक्यात खांद्यापर्यंत शिरला. तात्या खालून विजेरी धरून होते, पण लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे असल्यामुळे उजेड सगळीकडे पडत होता, फक्त मोटर सोडून. जळका रिले निघाला, नवा बसला, आणि घर्र करून यंत्र सुरू झालं. दारातून गार हवेचा झोत आला. आचाऱ्याने बर्फ्याला मिठीच मारली. थोडं आइस्क्रीम गेलं, पण पार्टी वाचली.

मॅनेजरबाई शांत झाल्या. तात्यांना त्यांनी ऑफिसात बसवलं आणि पाणी दिलं.

"तुमचा माणूस हुशार आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून तुम्हीच बघा आमचं काम. पण मला तुमच्या बहिणीचा नंबर हवा. मी फोन केला की त्यांनी उचलायचा, बस्स. नऊ नाही, बासरी नाही!"

तात्यांनी मुकाट्याने नंबर लिहून दिला आणि निघण्यासाठी उठले. तेवढ्यात बाईंना काहीतरी आठवलं. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडा आदरच होता.

"एक विचारू? ती बाई मला सारखं 'आपण रांगेत दुसरे आहात' असं सांगत होती. माझ्या पुढे कोण होतं हो एवढा वेळ? मोठं गिऱ्हाईक असणार!"

तात्यांनी घसा खाकरला. "होतं एक."

"मग? झालं का त्याचं काम?"

"नाही हो," तात्या चपला शोधत म्हणाले, "मालक भेटलेच नाहीत त्याला!"